बालेवाडी स्टेडियमला उतरून करायचं काय?

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. आयुक्त, क्रीडा व युवक सेवा,
आणि म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलाचा कारभार पाहणारी सर्व मंडळी, यांस,

स. न. वि. वि.

हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोच्या नकाशात एका स्टेशनचं नाव ‘बालेवाडी स्टेडियम’ असं आहे. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा बरं वाटलं. शहराने एका स्टेशनला खेळाच्या मैदानाचं नाव दिलं, एवढंही हल्ली कोण करतं! मग लगेच मनात आलं, की समजा मी शनिवारी संध्याकाळी त्या स्टेशनवर उतरलो, तर कोणाची मॅच बघायला? उत्तर सापडलं नाही, म्हणून हे पत्र.

मी खडकीत वाढलो. दारूगोळ्याचा कारखाना, बीईजी (लष्कराचं बॉम्बे इंजिनिअर ग्रुप), कॅन्टोन्मेंट या सगळ्यांच्या मधल्या गल्ल्यांत. क्रिकेट आमच्याकडेही होतं, पण संध्याकाळचा खेळ फुटबॉल. लष्कराने आणला, कामगारांनी वाढवला, आणि बोपोडी-दापोडीपासून कॅम्पपर्यंत तो रुजला. पुढे मी एका शाळेत बत्तीस वर्षं पीटी शिकवलं. निवृत्त झालो तरी शिट्टी अजून खिशात असते. बायको म्हणते, ती धुवायला टाकलेल्या पँटमध्येही सापडते.

बालेवाडीशी माझं भांडण नाही, हे आधी सांगतो. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी हे संकुल उभं राहिलं तेव्हा त्या बाजूला शेतंच शेतं होती आणि ‘एवढ्या लांब कोण जाणार’ असं अख्खं पुणे म्हणत होतं. वानखेडे स्टेडियम रचणारे शशी प्रभू यांनीच हेही रचलं. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा इथे झाल्या, सत्तरहून अधिक देशांची पोरं आली. २०१३ च्या जुलैत आशियाई मैदानी स्पर्धा चेन्नईहून इथे हलवल्या गेल्या आणि विकास गौडाने थाळीफेकीत सुवर्ण जिंकलं. नेमबाजी, पोहणं, बॅडमिंटन, टेनिस, कुस्ती, बॉक्सिंग, सायकलिंग अशी एकाच आवारात एवढी दालनं असलेल्या जागा देशात फार नाहीत. रोज पहाटे तिथे घाम गाळणारी मुलं मी पाहिली आहेत. माझं बोलणं फक्त मधल्या मोठ्या स्टेडियमबद्दल आहे, आणि त्यातही फुटबॉलबद्दल.

२०१४ च्या हिवाळ्यातली एक रात्र सांगतो. इंडियन सुपर लीगचं, म्हणजे आयएसएलचं, पहिलं वर्ष. एफसी पुणे सिटीच्या नारिंगी-जांभळ्या जर्सीत डेव्हिड ट्रेझेगे बालेवाडीत उभा होता. फ्रान्सच्या १९९८ च्या विश्वविजेत्या संघातला ट्रेझेगे. २००० च्या युरो फायनलमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, इटलीविरुद्ध जादा वेळेत सामना तिथेच संपवणारा गोल्डन गोल मारणारा ट्रेझेगे. त्याच संघात कॉस्तास कात्सुरानिस होता, ग्रीसने २००४ चा युरो जिंकला त्या संघातला. खडकीतून आम्ही सहाजण दोन स्कूटर आणि एका मोटरसायकलवर गेलो होतो. सहाजणांत ट्रेझेगेचं नाव बरोबर उच्चारणारा एकही नव्हता, पण वॉर्मअप करताना त्याने चेंडू छातीवर घेऊन खाली सोडला तेव्हा आम्ही सगळे एकदम गप्प झालो. वय झालं होतं त्याचं, धावत तर नव्हताच. पण चेंडू त्याचं ऐकत होता.

त्या आधी पुणे एफसी होता. २००७ मध्ये सुरू झाला, आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, चढला, २०१२-१३ च्या हंगामात चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसरा आला. गोव्याचे डेरिक परेरा तिथे प्रशिक्षक होते. क्लबच्या अकादमीचं नाव देशभर होतं. मिझोरामचा जेजे लालपेखलुआ पुणे एफसीतून पुढे आला, केरळचा आशिक कुरुनियन पुण्यातच घडला. मग २०१४-१५ मध्ये भारत एफसी नावाचा तिसरा संघ आला. तोही बालेवाडीतच खेळला. एका शहरात, एकाच मैदानावर, तीन व्यावसायिक संघ! मुंबईकर मित्रांना मी तेव्हा फोन करून टोचायचो.

भारत एफसी एका हंगामात संपला. २०१५ मध्ये पुणे एफसी बंद झाला. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीचे मालक आर्थिक अडचणीत आले आणि लीगमधली ती जागा हैदराबादला गेली. त्या हैदराबादने २०२२ मध्ये आयएसएल जिंकली. मी टीव्हीवर ती फायनल पाहिली. आपल्या मोडलेल्या संसारातली भांडी दुसऱ्याच्या घरात चकाकताना पाहावीत, तसं काहीसं झालं. आता तो संघही हैदराबादचा उरलेला नाही, २०२५ मध्ये दिल्लीला गेला. मंडळी, यातून मी जे शिकलो ते एवढंच, की मालक येतात आणि जातात, संघ सामान बांधून गाव बदलतात. हलत नाही ते फक्त स्टेडियम, आणि ते तुमच्या ताब्यात आहे. आयुक्तालयाच्या पत्त्यातच म्हाळुंगे-बालेवाडी आहे.

आता तुम्ही म्हणाल, बालेवाडी हे मुळात मैदानी स्पर्धांचं स्टेडियम, फुटबॉलला त्यात मजा नाही. अर्धं खरं आहे. चारशे मीटरचा ट्रॅक मी चुन्याच्या फक्कीने इतक्या वेळा आखलाय, की आकडे झोपेत म्हणून दाखवीन. सरळ बाजू ८४.३९ मीटर, वळणाची त्रिज्या ३६.५०, लेनची रुंदी १.२२. म्हणजे ट्रॅकच्या पोटात रुंदीला मिळतात ७३ मीटर. मोठ्या सामन्याचं फुटबॉल मैदान १०५ बाय ६८. रुंदीला ते बसतं, दोन्हीकडे अडीच-अडीच मीटर उरतात. लांबीला मात्र ते सरळ बाजू ओलांडून दोन्ही टोकांना दहा-दहा मीटर वळणाच्या पोटात घुसतं, आणि कॉर्नरचा झेंडा ट्रॅकच्या कडेपासून जेमतेम एक मीटरवर येतो. कॉर्नर घेणारा मागे पावलं टाकू लागला की तो लाल ट्रॅकवर.

गोलाच्या मागे तर आणखी गंमत आहे. गोलरेषेपासून वळणाच्या आतल्या कडेपर्यंत सव्वीस मीटर, त्यात आठ लेनचे पावणेदहा मिळवा. म्हणजे गोलामागचा प्रेक्षक कितीही पुढे बसला तरी गोलरेषेपासून किमान छत्तीस मीटर लांब. पेनल्टीचा ठिपका असतो अकरा मीटरवर. म्हणजे पेनल्टी मारणारा गोलपासून जितका लांब असतो, त्याच्या तिपटीहून जास्त लांब बसून आपण ‘मार रे’ ओरडायचं. आवाज पोचतो, पण पोचेपर्यंत थंड होतो.

एकेकाळी मीच चहाच्या टपरीवर म्हणायचो, ट्रॅक उखडा आणि फुटबॉलचं स्टेडियम करा. आता तसं म्हणत नाही. माझ्याच शाळेतली एक मुलगी त्या ट्रॅकवर आठशे मीटर धावली आणि तिथून परतली ती वेगळीच होऊन. सिंथेटिक ट्रॅकवर पाय ठेवायला मिळणं ही खेड्यापाड्यातून आलेल्या पोरांसाठी काय गोष्ट आहे, हे मला कळतं. त्यांच्या पायाखालचं काढून मला फुटबॉल नको. आणि ट्रॅक ही सबबही नाही. बेंगळुरूचं कांतीरवा स्टेडियमही ट्रॅकवालंच, तरी तिथे बेंगळुरू एफसीचे लोक एका बाजूचा स्टँड भरून दीड तास गात उभे राहतात. कोलकात्याचं सॉल्ट लेकही ट्रॅकवालंच. हां, कांतीरवाची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. तिथे धावपटूंना सरावाला ट्रॅक मिळेना म्हणून वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणजे वेळापत्रक नीट नसेल तर एक खेळ दुसऱ्याला खातो. मैदान एकच, पण पहाट आणि संध्याकाळ दोन असतात, हे आमच्या शाळेच्या मैदानावर आम्हाला कळलं होतं. तिथे तर तिसऱ्या वेळेला लग्नाचा मांडवही पडायचा.

मग संध्याकाळ द्यायची कोणाला? आयएसएलच्या पुढच्या मालकाची वाट बघू नका, अशी माझी विनंती आहे. २०२५ मध्ये देशाची ही सर्वांत वरची लीगच कराराच्या घोळात महिनोन्‌महिने लटकली होती. जे संघ आज पुण्यात आहेत, त्यांना द्या. पुण्याची जिल्हा लीग आजही चालते. डेक्कन इलेव्हन, इंद्रायणी, बीईजी ही नावं ऐकली की खडकी-कॅम्पातल्या म्हाताऱ्यांचे डोळे अजून चमकतात. सामने होतात एसएसपीएमएसच्या, म्हणजे शिवाजी मिलिटरी स्कूलच्या मैदानावर, आरटीओजवळ. मी तिथे झाडाखाली उभा राहून कित्येक सामने पाहिलेत. बसायला जागा मिळाली तर नशीब. एका बाजूने रिक्षा आणि बसची घरघर, दुसऱ्या बाजूने ‘टाक, टाक, मागे माणूस आहे!’ आणि अशा ठिकाणी खेळणाऱ्या पोराच्या मनात बालेवाडी म्हणजे काय असतं माहितेय? टीव्हीत दिसलेलं काहीतरी. स्वतःच्या शहरातलं.

त्याच पोराला वर्षातून दोनदा त्या दिव्यांखाली खेळू द्या. अंतिम फेरीला वगैरे नाही, साध्या लीगच्या मॅचला. बोगद्यातून बाहेर येताना पोटात जो गोळा येतो, तो कुठल्याही कोचिंग कॅम्पात शिकवता येत नाही.

प्रेक्षक येणार नाहीत, असं कोणी म्हणालं तर त्याला कोल्हापूरला पाठवा. शाहू स्टेडियमवर. पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशी मॅच असेल त्या दिवशी पाठवा. तिथे संघ कंपन्यांचे नाहीत, तालमींचे आहेत. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल पोसावा, हे जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. पेठेतलं पोर पेठेसाठी खेळतं आणि अख्खी पेठ स्टँडमध्ये असते. कधीकधी जरा जास्तच असते, हाणामाऱ्याही होतात, तेही लपवण्यात अर्थ नाही. पण तिथे कोणी प्रेक्षक ‘आणत’ नाही. सामना केव्हा हे लोकांना ठाऊक असतं, कोण खेळतंय हे ठाऊक असतं, आणि हरलो तर दुसऱ्या दिवशी पानाच्या टपरीवर तोंड दाखवायची चोरी. अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा; पुण्याच्या अकादमीत शिकून २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. कोल्हापूरने आवड लावली, पुण्याने हात दिला. ही जोडी पुन्हा जमवता येणार नाही का? थंडीत एका शनिवारी पाटाकडील आणि पुण्याचा लीग विजेता बालेवाडीत समोरासमोर उभे करा. कोल्हापूरकर पुण्यात किती आहेत, हे त्या दिवशी तुम्हाला गेटवर कळेल. पार्किंगची सोय आधी करून ठेवा.

आता मुलींबद्दल. हे लिहिताना मला जरा जास्तच राग येतो, तो सांभाळून लिहितो. २०२२ मध्ये महिला फुटबॉलचा एएफसी आशियाई चषक महाराष्ट्रात झाला. नवी मुंबई, अंधेरी आणि बालेवाडी, तीन मैदानं. ३० जानेवारीला याच बालेवाडीत दक्षिण कोरियाने ऑस्ट्रेलियाला १-० असं घरी पाठवलं, आणि त्याच दिवशी, त्याच मैदानावर फिलिपाईन्सच्या मुलींनी चायनीज तैपेईला (म्हणजे तैवानला) पेनल्टीवर हरवून आयुष्यातला पहिला विश्वचषक गाठला. पहिला! त्या देशाच्या फुटबॉलमधला सर्वांत मोठा दिवस आपल्या म्हाळुंगेत घडला. ३ फेब्रुवारीला दोन्ही उपांत्य सामने इथेच. चीन-जपान २-२, मग पेनल्टी, आणि जपान बाहेर. पुढच्या वर्षी विश्वचषकात फिलिपाईन्सने यजमान न्यूझीलंडला न्यूझीलंडमध्येच हरवलं. फिलिपाईन्समधल्या गल्लीतल्या एखाद्या मुलीला पुणे हे नाव माहीत असेल. पुण्यातल्या किती मुलींना हे माहीत आहे? कोविडचे निर्बंध होते, स्टँड रिकामे होते, त्याचा दोष कोणाला नाही. पण त्यानंतर? एक पाटी तरी लावा हो. ‘या मैदानावर फिलिपाईन्सचा संघ पहिल्यांदा विश्वचषकाला पात्र ठरला.’ माझ्या शाळेतल्या मुलींना सहलीला आणून मी ती वाचून दाखवीन. आणि मग त्यांना सांगता आलं पाहिजे, की पुढच्या महिन्यात तुमची मॅच इथेच आहे.

एक शेरा जाता जाता. २०२५ च्या डिसेंबरात मेस्सी मुंबईत आला. सरकारने तेरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी ‘महादेवा’ नावाचा उपक्रम त्याच्या उपस्थितीत जाहीर केला. चांगली गोष्ट आहे, मनापासून म्हणतो. पण कार्यक्रम झाला कुठे? वानखेडेवर. जगातला सर्वांत मोठा फुटबॉलपटू महाराष्ट्रात आला आणि आपण त्याला क्रिकेटचं मैदान दाखवलं. मुंबईत गर्दी मावेल असं दुसरं मैदान नाही, हेच कारण असणार. मग ते कारणच आपलं प्रगतिपुस्तक नाही का?

मोठ्या स्पर्धांचा मोह मला समजतो. टेनिसची महाराष्ट्र ओपन २०१८ मध्ये चेन्नईहून बालेवाडीत आली, २०२३ पर्यंत झाली, आणि गेली. पाहुणे असेच असतात, आणि पाहुण्यांसाठी बांधलेल्या घरात पाहुणे गेल्यावर दिवे मालवून ठेवावे लागतात. जर्मनीत म्युनिकचं ऑलिंपिक पार्क १९७२ च्या खेळांसाठी बांधलं. बायर्न म्युनिक हा फुटबॉल क्लब २००५ मध्ये तिथून नव्या स्टेडियमला निघून गेला. तरी ते पार्क ओस पडलं नाही, कारण तिथल्या जलतरण तलावात गावचे लोक रोज पोहतात, टेकडीवर चालायला जातात. आपल्या संकुलाला म्हाळुंगे, बालेवाडी, बाणेर, हिंजवडी असा तरुण माणसांचा केवढा शेजार लाभलाय! त्यांपैकी हजारोजण तासाला पैसे मोजून गच्चीएवढ्या टर्फवर, जाळीच्या आत, पाच-पाच जणांचा फुटबॉल खेळतात. रात्री अकरालाही. आवड नाही असं कोणी म्हणू नये.

म्हणून मागणं साधं आहे. वर्षाला चाळीस संध्याकाळी. जूनमध्ये जाहीर करा, की मोठ्या स्टेडियमच्या या चाळीस तारखा फुटबॉलच्या. जिल्हा लीगचे काही सामने, मुलींची लीग, शाळांचे अंतिम सामने, कोल्हापूरकरांचा एखादा शनिवार. त्या तारखांना दुसरा कार्यक्रम आला, कितीही मोठा आला, तरी ‘तारीख गेली’ असं सांगा, जसं मंगल कार्यालयवाला सांगतो. सगळं स्टेडियम उघडू नका. मुख्य स्टँड एवढाच उघडा, बाकीचे दिवे बंद. हजार माणसं एका स्टँडमध्ये बसली तर गर्दी दिसते, चार बाजूंना विखुरली तर श्राद्धाला आल्यासारखी वाटतात. तिकीट वीस रुपये ठेवा. फुकट ठेवू नका, फुकटाला लोक मान देत नाहीत. शाळेच्या गणवेशात आलेल्याला मात्र फुकट. सामना संपल्यावर मेट्रोपर्यंत चालत जायला उजेड असलेला, मुलींना भीती न वाटणारा रस्ता हवा. आणि पहाटेचा ट्रॅक धावपटूंचा, त्यात फुटबॉलने एक मिनिटही घुसायचं नाही, हे लेखी.

यात नवीन बांधकाम नाही, निविदा नाही, भूमिपूजन नाही. त्यामुळेच कदाचित हे कोणाला सुचलं नसेल. (हा टोमणा आहे, पुणेकर आहे, माफ करा.)

वेळापत्रक छापून झालं की एक प्रत गेटवर लावा. मी पहिल्या शनिवारी येतो. या वेळी स्कूटर नाही, गुडघे साथ देत नाहीत, मेट्रोने येईन.

आपला,
खडकीचा एक निवृत्त पीटी शिक्षक

ता. क. – फुटबॉलचे बूट घालून कोणालाही ट्रॅक ओलांडू देऊ नका, स्टडने सिंथेटिक फाटतं. बोगद्यापासून गवतापर्यंत जाड रबरी मॅट टाका, दोन मीटर रुंद. सामना संपल्यावर गुंडाळायला चार पोरं लागतात. ती मी पाठवतो.